दहाच्या खाली

माझ्या रक्ताचा आकडा आला तीन. हवा होता निदान दहा. आमच्या हॉस्पिटलच्या क्वालिटी मॅनेजर मॅडमनी रिपोर्ट माझ्या हातात न देताच वाचून दाखवला आणि त्याच दमात म्हणाल्या, "ताई, उद्यापासून तुम्ही डायलिसिसला जायचं नाही. तुम्हाला आपण फोन डेस्कवर घेतोय."

"मतलब?" मी म्हटलं.

"म्हणजे तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

मॅडमना पुण्याहून येऊन चारच महिने झाले होते. त्यांचं मराठी इस्त्री केलेलं, आणि माझं इंदूरचं, ज्यात हिंदी केव्हा येऊन बसते ते मलाही कळत नाही. वयाने त्या माझ्या भाचीएवढ्या. गोड आवाजात 'आपण, आपण' म्हणत कोणी माणसाला दाराबाहेर काढलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या दिवशीही गेली. पण रिपोर्ट माझाच होता, त्यावर माझंच नाव होतं, तेव्हा भांडायचं कोणाशी हेच मला पटकन सुचलं नाही.

मी तेवीस वर्षं डायलिसिसची सिस्टर आहे. इंदूरच्या पलासिया भागातल्या या हॉस्पिटलात दोनच मशिनं होती तेव्हापासून. ज्यांच्या किडन्या थकल्या ते लोक आठवड्यातून तीनदा आमच्याकडे येतात. त्यांच्या हातातल्या शिरेत दोन जाड सुया घालायच्या आणि चार तास त्यांचं रक्त मशिनीतून साफ करून त्यांना परत द्यायचं. सुया घालणं हे माझं काम. कोणाची शीर कुठे वळते, कोणाची सकाळी दबून बसते, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. देवाने मला रूप दिलं नाही, गळा दिला नाही, ही बोटं दिली. आणि तीच आता फोनची बटणं दाबायला निघाली होती.

हे सगळं सुरू झालं ते हॉस्पिटल तपासायला बाहेरून मंडळी येणार होती म्हणून. त्यांना दाखवायला प्रत्येक कर्मचाऱ्याची फाइल हवी, आणि लशीने टाळता येणाऱ्या रोगांशी लढायची ताकद याच्या अंगात आहे असा पुरावा त्या फाइलीत हवा. जुनी लसीकरणाची कार्डं कोणाकडे असणार? माझं तर तीन घरं बदलताना कुठेतरी गेलं. म्हणून सरसकट सगळ्यांचं रक्त काढलं. रक्तात त्या-त्या रोगाविरुद्धची द्रव्यं किती आहेत ते मोजतात आणि आकडा देतात. गोवर आणि कांजिण्यांत मी आरामात पास झाले, दोन्ही लहानपणी अंगावर काढलेल्या. नापास झाले ती रक्तातून पसरणाऱ्या काविळीत, जिला हेपटायटिस बी म्हणतात. डायलिसिसच्या सिस्टरला एका रोगापासून जपायचं असेल तर तो नेमका हाच.

दोन दिवस हॉस्पिटलात दहावीचा निकाल लागल्यासारखं वातावरण होतं. जो तो आपला आकडा सांगत फिरत होता. आमचा डायलिसिसचा टेक्निशियन चहाच्या टपरीवर छाती फुगवून म्हणाला, "अपना तो हजार के पार है, भिया! और सिस्टरजी, आपका?"

"तीन."

"तीन सौ?"

"नहीं रे. एक, दो, तीन. वो तीन."

त्याला एकदम चहा फार गरम लागायला लागला. संध्याकाळपर्यंत माझा आकडा पार्किंगच्या चौकीदारापर्यंत पोचला होता. समोर कोणी काही बोलत नव्हतं, पण लिफ्टमध्ये लोक जरा बाजूला सरकून उभे राहत होते. शिकलेले लोक, हॉस्पिटलातले लोक. मला इतका राग आला की मी आठवडाभर मुद्दाम लिफ्टनेच गेले.

घरी माझे यजमान म्हणाले, "अगं, बसल्या जागी काम मिळतंय तर दिक्कत काय आहे? फालतूमध्ये टेन्शन घेतेस. किती वर्षं उभी राहणार?" बँकेत आयुष्य खुर्चीवर काढलेल्या माणसाला उभं राहण्याचं सुख काय सांगायचं! मी पोळ्या लाटत होते, लाटणं जरा जोरात आपटलं. ते पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

पण त्यांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती. लस घेऊनही आकडा वाढत नसेल, तर त्याचं एक कारण असंही असतं की रोग आधीच अंगात शिरून बसला आहे. तेवीस वर्षांत सुया मलाही लागल्या आहेत. कोणाला नाही लागत? त्याच दिवशी मी गुपचूप दुसरी तपासणी करायला रक्त देऊन आले होते आणि निकाल दुसऱ्या दिवशी येणार होता. त्या संध्याकाळी मी माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. पेल्याने हा रोग पसरत नाही, हे मी पेशंटांच्या कितीतरी नातेवाइकांना समजावलं आहे, चांगलं रागावून समजावलं आहे. तरी ठेवला. यजमानांनी जेवताना तो पेला पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच पेल्यात पाणी ओतून घेऊन प्यायले. मग म्हणाले, "आता सांग काय झालंय ते." मी सगळं सांगितलं. माणूस खुर्चीवरचा असला तरी वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी तो रिपोर्ट साफ आला. रोग नव्हता. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि लगेच चिडले. रोग नाही, लस घेतली आहे, तर मग आकडा गेला कुठे?

उत्तर मला भाजी चिरताना मिळालं. नर्सिंगच्या होस्टेलमध्ये आम्हा मुलींना लस दिली ते दिवस गणपतीचे होते. आम्ही चौघी मराठी मुली आमच्या मंडळाच्या लेझीम पथकात होतो, पहिल्या रांगेत. विसर्जनाची मिरवणूक आठवड्यावर आलेली. दंडात सुई घेतली, हात दुखला, तर लेझीम कशी उचलणार? सुई द्यायला आलेल्या सिस्टरला आम्ही चौघींनी लाडीगोडी लावली, "सिस्टर, कमर में लगा दो ना, प्लीज." कमर हा सभ्य शब्द झाला, खरी जागा त्याच्या बरीच खाली. ती बिचारी हसली आणि तिने आमच्या मनासारखं केलं. पुढच्या दोन सुया आम्ही तिथेच घेतल्या, का, तर पहिली तिथे घेतली होती. मिरवणूक मात्र आम्ही गाजवली. हात जराही दुखला नाही.

आमच्या किडनीच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. या डॉक्टरांबरोबर मी पहिल्या दोन मशिनांपासून आहे. "अरे सिस्टर, ये टीका बाँह में ही लगता है. नीचे चर्बी में गया तो ठीक से असर ही नहीं करता, गिनती में ही नहीं आता. नर्स होकर आपको पता नहीं?"

"तब नर्स कहाँ थी, सर? तब लेझीमवाली थी."

डॉक्टर खूप हसले. मीही हसले. लेझीमच्या त्या तिघींपैकी एकीला फोन केला, तीही हसली, आणि मग म्हणाली, "मी तर कधी तपासलंच नाही गं." मी म्हटलं, आजच तपास. आणि दंड पुढे करून मी नव्याने पहिली सुई घेतली. तीन सुया, मग थोडं थांबून तपासणी, असे सात महिने लागणार होते.

इथे माझी चूक झाली. मला कारण सापडल्याचा इतका आनंद झाला होता की सात महिने डेस्कवर बसायला मी राजीखुशी तयार झाले. मॅडमना मी लेझीमची गोष्ट रंगवून सांगितली, त्यांनी ती फाइलीत लिहून घेतली. माझ्यात खोट नाही, सुईच चुकली होती, हे जगाला दाखवायचं म्हणून मी गप्प बसले. एका शब्दाने विचारलं नाही की मला वॉर्डातून काढायचा नियम नेमका आहे कुठे.

फोन डेस्क डायलिसिसच्या काचेच्या दाराबाहेरच होता. कोण कधी येणार, गाडी सुटली का, जेवण झालं का, असे फोन करायचे. काचेतून मला माझी मशिनं दिसत, माझ्या खुर्च्या दिसत. पेशंट आत जाताना थांबून बोलत. काही तर आधी माझ्यासमोर हात धरत आणि विचारत, आज सुई कुठे घालू देऊ?

देपालपूरहून एक काकी येतात, आठवड्यातून तीनदा, पहाटेची बस धरून. घरची शेती, लसणाची. बोलणं पक्कं माळवी. त्यांची शीर मोठी कठीण, त्वचेखाली वाकडी होऊन सरकते. नऊ वर्षं त्यांना मीच सुई घालत आले. मी डेस्कवर गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात एके दिवशी काकी डायलिसिस संपवून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दंडापासून कोपरापर्यंत हात निळा-काळा, सुजलेला.

"म्हारो हाथ तो देखो, बेन," त्या म्हणाल्या. "चार बार टोंच्यो."

टेक्निशियन वाईट नाही. त्याचा हात अजून घाई करतो, एवढंच. मी काकींच्या हातावर बर्फ ठेवला आणि म्हटलं, "बस काकीजी, थोडे दिन और. मेरा नंबर आ जाए, फिर मैं अंदर."

"कद?" त्यांनी विचारलं. कधी?

मी महिना सांगितला. त्यांनी बोटांवर मोजला. त्यानंतर दर खेपेला जाताना त्या मला उरलेले महिने सांगून जात.

सातव्या महिन्यात रक्त दिलं. या वेळी रिपोर्ट मी स्वतः जाऊन आणला. कोणाच्या हातून ऐकायचा नव्हता. लॅबच्या खिडकीशीच उघडला.

चार.

दंडात घेतल्या होत्या, तिन्ही. वेळेवर घेतल्या होत्या. तरी चार. माझी लेझीम, माझी मिरवणूक, मी ज्याला-त्याला हसत सांगितलेली ती गोष्ट, सगळी फुकट गेली. जिन्याच्या वळणावर उभी राहून मी रडले. दुःखाने कमी आणि रागाने जास्त. माझ्याच अंगाने माझ्या तोंडाला पानं पुसली होती आणि त्याला जाब विचारायला जागा नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "कुछ लोगों में पहली बार में नहीं बनता, सिस्टर. तीन और लगाएँगे. शायद बन जाए. शायद न बने."

मॅडम म्हणाल्या, "अरेरे. म्हणजे आणखी सात महिने, ताई. डेस्कचं आपण तसंच चालू ठेवू."

त्या मनापासून हळहळल्या होत्या, हे मी आजही मान्य करते. पण ते 'तसंच चालू ठेवू' ऐकलं आणि माझं रडू तिथल्या तिथे आटलं. खुर्ची ओढून मी त्यांच्या समोर बसले.

"मॅडम, नियम दाखवा."

"कोणता?"

"ज्याच्यात लिहिलंय की आकडा दहाच्या खाली असला तर सिस्टरला वॉर्डातून हटवायचं. तो."

"तो आपल्या पॉलिसीत आहे, ताई."

"मग काढा ना फाइल. मी कुठे चालले आहे? मी तर डेस्कवर आहे."

फाइल निघाली. जाडजूड, प्लास्टिकच्या कव्हरांत घातलेली पानं. मॅडम पानं उलटत गेल्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचत गेले. ते पान सापडलं. त्यात लिहिलं होतं की लशीने ताकद न आलेल्या कर्मचाऱ्याला तसं स्पष्ट सांगावं. त्याला वेगळ्या खोलीतल्या मशिनीवर, म्हणजे हीच कावीळ असलेल्या पेशंटांच्या कामावर, लावू नये. सुई लागली तर ताबडतोब, शक्यतो चोवीस तासांच्या आत, तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन द्यावं. वॉर्डातून काढा असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मॅडमनी पान पालटून मागची बाजूही पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"पण हे मी तुमच्या सुरक्षिततेसाठीच..." त्यांचा आवाज पडला.

"माझी सुरक्षितता माझी आहे ना? मग मला विचारलं का एकदा तरी?" माझा आवाज मात्र चढला होता आणि मी तो चढू दिला. "मॅडम, आत जे पेशंट बसतात त्यांचे आकडे तुम्ही पाहिले आहेत? किडनीच्या पेशंटना लस लवकर लागत नाही. दुप्पट डोस देतो आपण, तरी कितीतरी जण दहाच्या खालीच राहतात. त्यांना आपण बाहेर काढतो का? ते तर त्याच खुर्च्यांत बसतात, हातात सुई घेऊन, हप्त्यातून तीन दिवस. आणि जी उभी राहून काम करते ती तेवढी बाहेर! ये कौन-सा हिसाब है?"

मॅडमनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, सिस्टर बरोबर बोलते आहे.

मला बरं वाटायला हवं होतं. मी त्यांच्यावरच उखडले. "सर, सात महीने आप चुप क्यों बैठे?"

"आपने पूछा ही कहाँ, सिस्टर?"

ते शब्द मला जे लागले ते अजून लागतात. खरंच, मी विचारलं नव्हतं. मी पास होण्याची वाट पाहत बसले होते, पास झाले की दार उघडतील म्हणून. मूग गिळून बसण्यात मीही त्यांच्याइतकीच होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक छापील कागद पुढे केला. 'मी स्वतःच्या जबाबदारीवर काम करत आहे', खाली सहीची जागा. मी पेन घेतलं, ते वाक्य उभं-आडवं खोडलं आणि खाली लिहिलं: माझा आकडा मला माहीत आहे. मी वेगळ्या खोलीतल्या मशिनीवर काम करणार नाही. मला सुई लागली तर इंजेक्शन वेळेत देण्याची जबाबदारी हॉस्पिटलची. मग सही केली.

"ताई, हा फॉर्म असा बदलता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"तर मग मला काढायचं तेही लिहून काढा. तुमची सही करून. मी इथेच थांबते."

मी खरंच थांबले. त्यांनी पेनचं टोपण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. पुण्याची असो की इंदूरची, कारण नसताना सही करायला हात धजत नाही. शेवटी त्यांनी माझ्या खोडलेल्या कागदावर शिक्का मारला. आणि खरं सांगते, मारताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडी सुटकाही दिसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दंडात नव्या खेपेची पहिली सुई घेतली आणि काचेचं दार ढकलून मी आत गेले. आत भिंतीवर एक पांढरा फळा आहे. कोणत्या मशिनीवर कोण, हे त्यावर लिहितात. मी मार्कर घेतला आणि त्याच्या कोपऱ्यात ठळक हिंदीत लिहिलं, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल: सिस्टर का आँकड़ा 4. सुई लग जाए तो उसी वक़्त डॉक्टर को फ़ोन करना है.

मॅडम दारातूनच म्हणाल्या, "ताई, हे असं सगळ्यांसमोर? हे गोपनीय असतं."

"आकडा माझा आहे, मॅडम. सात महिने तो लोकांनी कानात सांगितला. आता मी भिंतीवर सांगते."

टेक्निशियनने फळ्यावरचं वाचलं, डॉक्टरांचा नंबर त्याच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि मशिनं सुरू करायला गेला.

पहिल्याच पाळीत देपालपूरच्या काकी होत्या. मला आत पाहून त्यांनी पिशवी तिथेच खाली टाकली. खुर्चीवर बसल्या आणि फळ्याकडे मान वर करून म्हणाल्या, "यो कई लिख्यो, बेन?" त्यांना वाचता येत नाही.

मी लपवणार नव्हते. मी हातमोजे चढवता चढवता सांगितलं, की काविळीशी लढायची ताकद माझ्या रक्तात तयार झाली नाही, दुसऱ्यांदाही नाही. रोग मला नाही, मी तपासून घेतलं आहे. पण दुसऱ्याच्या हातून सुई घ्यायची असेल तर अजून सांगा, मला वाईट वाटणार नाही. वाटलं असतं. पण सांगितलं.

"कित्तो आयो थारो?" त्यांनी विचारलं.

"चार."



"म्हारो तो दोज हे," म्हणजे माझा तर दोनच, त्या म्हणाल्या, चांगल्या तोऱ्यात, आणि बाही वर सरकवून हात उशीवर ठेवला.